उभं तेच आडवं

डोलिना गिलँडर्सला जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता, पण छापील टार्टन, म्हणजे स्कॉटलंडची ती रंगीत चौकड्यांची नक्षी, दिसली की तिच्या नाकाला मिरच्याच झोंबायच्या. बिस्किटांच्या डब्यावर टार्टन, कुत्र्याच्या झुलीवर टार्टन, इन्व्हरनेसच्या स्टेशनाबाहेर तर चक्क छत्रीवर टार्टन! "चार रंगीत रेघा एकमेकींवर आडव्या पडल्या की झालं यांचं टार्टन," ती म्हणायची. "मग माझ्या खिडकीच्या गजांनाही म्हणा की. त्यांच्यापुढे पण वाजवा बॅगपाइप."

अख्नाब्रे गावात ती माग चालवायची, आणि तिथं तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. किल्ट, म्हणजे पुरुषांचे चुणीदार घागरे, शिवणारा टॉर्मड टॉल्मी एकदा कुठल्याशा गिरणीचं निळं-करडं कापड मोठ्या कौतुकानं दाखवायला घेऊन आला. डोलिनानं ते टेबलावर पसरलं, उभी बाजू आडवी होईल असं फिरवलं आणि म्हणाली, "आता सांग, मघाचंच दिसतंय का?" टॉर्मडनं वाकून बघितलं. उभ्यातला निळा पट्टा रुंद होता, आडव्यातला अरुंद. "फिरवल्यावर जे बदलतं ते टार्टन नव्हे, भांडी पुसायचं फडकं," असं म्हणून तिनं कापड परत केलं. त्यानं आणलेला केक मात्र ठेवून घेतला.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तोंडाळ माणूस चुकीचा असला तर एकवेळ सोसवतो. तोंडाळ आणि वर बरोबर, म्हणजे गावाला शिक्षाच. टार्टनचा कायदा खरंच एवढाच आहे: जो क्रम उभ्या धाग्यांचा, तोच आडव्यांचा. तेच रंग, तीच मोजणी. रंग मोजत मधल्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून आल्या वाटेनं उलट परत. वीण तिरपी, दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, दर ओळीला एक घर सरकत. मग हिरव्यावर हिरवा आला की भरीव हिरवा चौकोन उमटतो, हिरव्यावर निळा आला की दोघांचं मिश्रण. प्रत्येक रंगाला स्वतःचं घर मिळतं आणि शेजाऱ्यांकडे जाणं-येणंही होतं. गिलँडर्सांच्या घरच्या टार्टनात गडद हिरवा, निळा, काळा आणि मग बारीक तांबडी रेघ. तांबडी आली की वळायचं. डोलिना पन्नास वर्षं त्या तांबडीवर वळत आली होती.

तिचा एकुलता एक मुलगा फार्कर बोटीवर मेकॅनिक होता. चाळिशी गाठेपर्यंत त्याला कुणी पसंत पडली नाही, आणि पडली ती शेटलंड बेटांवरची, ऑस्ला इझबिस्टर. तीही विणणारीच, पण सुयांवर. म्हणजे डोलिनाच्या लेखी विणणारी नव्हेच. "लोकरीचा गुंता काय, माझं मांजरही करतं," असं ती शेजारणीला म्हणाली, आणि ते ऑस्लाच्या कानावर जाईल अशाच बेतानं म्हणाली.

पण ऑस्लाही काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. पहिल्याच जेवणाला तिनं होणाऱ्या सासूला सरळ नावानं हाक मारली. शेटलंडवाले सगळ्यांनाच नावानं हाक मारतात, पाद्री असो की मेंढा.

"डोलिना, सूप छान झालंय. मीठ विसरलात, की घालतच नाही?"

"आमच्याकडे चवीपुरतं घालतात. तुमच्याकडे समुद्रच उडून ताटात पडतो, तुला कुठनं कळणार?"

फार्कर सुपात तोंड घालून बसला होता. बोटीवरची इंजिनं त्याला कळत, घरातली नाही.

मग निघाला शेल्याचा विषय. रीत अशी, की चर्चमध्ये लग्न लागलं की नवऱ्याच्या आईनं सगळ्या गावादेखत घरच्या टार्टनचा शेला सुनेच्या खांद्यावर टाचायचा. टाचला की ती घरची झाली. अख्नाब्रेत याला अंगठीपेक्षा जास्त मान.

"मी नाही टाचून घेणार," ऑस्ला म्हणाली. "मी काय पार्सल आहे, कुठं पोचवायचं त्याची चिठ्ठी डकवायला? आमच्याकडे टार्टन-बिर्टन नसतं. आमच्या मेंढ्या जन्मतःच रंग घेऊन येतात. तपकिरी, करडा, काळा, पांढरा. रंगवारंगवी तुम्हाला लागते."

"मेंढीच्या अंगावर जे असतं त्याला आम्ही चिखल म्हणतो."

फार्करनं चमचा खाली ठेवला. "आई, एकदाच सांगतो, मग दोघी हवं तेवढं भांडा. लग्नानंतर पलीकडचं पडकं घर बांधून इथंच राहायचा विचार आहे आमचा. पण ऑस्लाचा इथं पाणउतारा होणार असेल तर आम्ही शेटलंडला, लेर्विकला जाणार. तिच्या वडिलांचं घर तिथं रिकामंच आहे."

नवरा गेल्यापासून त्या घरात डोलिनाशी भांडायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. मुलगा समुद्रापार गेला तर वर्षाकाठी एकदा तोंड दिसणार, तेही बोट चालू असली तर. या विचारानंच ती धास्तावली. चेहरा मात्र होता तसाच, ओठ आवळलेला. पडले तरी नाक वर, ही त्या घराण्याची जुनी रीत.

"मी असं म्हणतो," फार्कर चाचरत म्हणाला, "की नवीनच टार्टन करू. उभे धागे आपल्या रंगांचे, आडवे ऑस्लाच्या लोकरीचे. दोघांचं मिळून एक."

"फडकं!" डोलिना कडाडली. "मागाखाली रांगत मोठा झालास आणि हे शिकलास? उभ्यात एक, आडव्यात भलतंच. त्यात कुठला रंग स्वतःला भेटणार? सगळी नुसती भेसळ. असलं कापड मी मागाला लावणार नाही."

"मग तुम्हीच सांगा," ऑस्ला म्हणाली. "एवढी विद्या आहे तर येऊ द्या की बाहेर."

वादात मागं सरणं डोलिनाला ठाऊक नव्हतं. तिनं तिथल्या तिथं टेबलावर लोकरीचे तुकडे मांडले. "उभ्यातही दोन्ही आणि आडव्यातही दोन्ही. हिरवा, निळा, काळा, तांबडी. तांबडीवर वळायचं नाही. पुढं जायचं. तुझा तपकिरी, तुझा करडा, मग पांढरी रेघ. त्या पांढरीवर वळायचं. टार्टनचं टार्टन राहतं आणि तुझ्या मेंढ्याही घरात येतात."

ऑस्लानं एकेका तुकड्यावरून बोट फिरवलं. तिला ते आवडलं होतं, आणि आवडल्याचा रागही आला होता. "नवीन आहे. चुकणार नाही ना कुठं?"

"पोरी, पन्नास वर्षांत हा हात चुकलेला नाही. माझ्या मनात असतं तेच या मागावरून उतरतं. दुसरं काही उतरतच नाही."

"बरं. तर मग घेईन मी टाचून."

शेटलंडची लोकर आली. डोलिनानं तिला नाकं मुरडली, केसाळ म्हटलं, ओढली की लांबते म्हटलं, वास येतो म्हटलं. पण उभे धागे लावले ते अगदी जिवापाड जपून. मोठ्यानं मोजत, पुन्हा उलट मोजत. ताणा असा बसला की त्यात नाव ठेवायला तिलासुद्धा जागा सापडली नाही. मग ती आडवं टाकायला बसली, आणि बसली ती रेडिओ लावून. आडव्यात काय मोठं? उभं समोर दिसतंय तसं टाकत जायचं. प्रत्येक रंगाचा धागा गुंडाळलेला धोटा वेगळा, बाकावर रांगेनं ठेवलेला. रेडिओवर कुणी मंत्री मेंढपाळांना उपदेश करत होता. डोलिना त्याला शिव्या घालत होती आणि हात चालत होते. मध्ये शेजारीण येऊन गेली, तिलाही दोन शब्द सुनावून झाले.

शेला उतरला. गाठ राहिली का, धागा सुटला का, ते तिनं बोटांनी चाचपलं. धुतला, ताणून वाळवला, इस्त्री केली. क्रम तपासला नाही. आपलंच काम आपण तपासायचं म्हणजे आपलाच अपमान, असं तिचं शास्त्र. शेला कागदात गुंडाळून तिनं फार्करच्या हाती ऑस्लाकडे पाठवून दिला.

शनिवारी लग्न. गुरुवारी दुपारी ऑस्ला एकटीच मागाच्या शेडमध्ये आली. दार तिनं लावून घेतलं आणि शेला मागावर टाकला.

"पोचला बरं का निरोप."

"कसला निरोप?"

"बघा की. तुमच्याच मनातला आहे."

डोलिनानं चष्मा चढवला. ऑस्लानं बोट ठेवलं ते शेल्याच्या बरोबर मधोमध, जो भाग खांद्यावर यायचा तिथं. उभ्यात सगळे रंग जागच्या जागी होते. आडव्यात तांबडी रेघ आली होती आणि तिथून कापड मुकाट्यानं उलट वळलं होतं. तपकिरी नाही, करडा नाही, पांढरी रेघ नाही. एक अख्खी फेरी नुसती गिलँडर्सांची, त्यात सुनेला जागाच नव्हती.

डोलिनानं तीच फेरी बोटानं पुन्हा मोजली. तिच्या पुढ्यात आता दोनच वाटा होत्या. मुद्दाम केलं म्हणावं तर ती दुष्ट ठरत होती, चुकून झालं म्हणावं तर अडाणी. आणि सांगायलाही लाज वाटते, पण या बाईला आधी सोपी वाटली ती दुष्टपणाची वाट.

"तुला काय समजायचं ते समज," ती म्हणाली.

"समजले. फार्करला अजून दाखवलेलं नाही मी, आता दाखवते. लग्न होईल आमचं, त्याची काळजी नको. पण सोमवारच्या बोटीनं आम्ही लेर्विकला. माझ्या तोंडावर चिखल म्हणालात, ते चाललं. तोंडावर बोलणारं माणूस मला कळतं. पण हे असं कापडात घालून, आणि तेही सगळ्या गावासमोर माझ्याच खांद्यावर मिरवायला लावायचं? एवढ्या खालच्या असाल असं वाटलं नव्हतं."

ती शेला उचलून दारापाशी गेली. कडीला हात घातला.

"चुकलं!" डोलिना मागून ओरडली. "चुकलं माझं. ऐकलंस? झालं समाधान? आता जा आणि गावभर नाच."

ऑस्ला वळली. तिला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. "पन्नास वर्षांत न चुकलेला हात बरोबर माझ्याच रंगांपाशी येऊन चुकला? आणि ते मी खरं मानू? सुया फिरवते म्हणून मला मेंढी समजलात काय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जन्मात एकदा बाईच्या तोंडून "चुकलं" निघालं, आणि तिच्याच बढाईनं ते खोटं पाडलं. डोलिनाला रडू फुटायला आलं, म्हणून ती आणखी चिडली.

"इकडं ये," ती म्हणाली. "ताणा उरलाय मागावर. दुसरा शेला आत्ता काढते, तुझ्या डोळ्यांदेखत. उभी राहा इथं आणि बघ कसा उतरतो ते."

"बघतेच. आणि मोजतेसुद्धा."

"मोज. येतं ना? सुयांवर विसाच्या पुढं जात असाल असं वाटत नाही."

"तुमच्या अख्ख्या गावात डोकी नसतील एवढे टाके आमच्या एका स्वेटरात मोजावे लागतात, डोलिना. बसा."

डोलिना बसली. पहिली फेरी तिनं डोळ्यांत तेल घालून विणली. तांबडी आली, ती थांबली, धोटा बदलला, तपकिरी टाकला. करडा टाकला. पांढरी रेघ टाकून ती वळली आणि ऑस्लाकडे असं बघितलं, की बघ, म्हणे मोजते!

"एक झाली," ऑस्ला म्हणाली. "गेल्या खेपेलाही पहिली बरोबरच होती."

"तुझी जीभ कुणी कापली नाही कशी आजवर?"

"तुमच्यासारखं कुणी भेटलं नव्हतं म्हणून. माझी आई लहानपणीच गेली. वडील बोलायचे नाहीत. मग मीच दोघांच्या वाटचं बोलायचे."

"म्हणून इथं येऊन माझ्या वाटचंही बोलतेस होय!"

"तुमच्या वाटचं शिल्लक कुठं ठेवता तुम्ही?"

"हे बघ, या घरात मी आले तेव्हा माझी सासू तीन महिने माझ्याशी बोलली नव्हती. तीन महिने! मी हूं का चूं केलं नाही. तुम्हा आजकालच्या पोरींना..."

हात चालतच होते. हिरवा, निळा, काळा. तांबडी. काळा.

"थांबा," ऑस्ला म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

डोलिनानं खाली बघितलं. तांबडीच्या पुढं काळा धागा पडला होता, उलटा, घरच्या वाटेला लागलेला. तपकिरी धोटा बाकावर होता तिथंच होता. तिनं हातातल्या धोट्याकडे बघितलं, मग हाताकडे. समोर मोजायला माणूस उभं, इरेला पेटून विणायला बसलेली, आणि तरी हात तांबडीवर येऊन वळला होता. तिला विचारलंही नव्हतं त्यानं.

आता मात्र ती खरोखर घाबरली. लग्नासाठी नाही, शेल्यासाठीही नाही. एकदा चुकलं तर ती चूक. त्याच जागी दुसऱ्यांदा चुकलं म्हणजे हाताला नवीन काही शिकवायचे दिवस संपले. जुनी वाट तेवढी तो चालणार. आणि ज्या हाताच्या जिवावर तिनं पन्नास वर्षं सगळ्या गावाला तुच्छ लेखलं, तो आता हा असा.

"मी नाही केलं," ती म्हणाली. "अगं, खरंच मी नाही केलं. हातानं केलं."

"दिसलं मला."

"त्या दिवशी पण असंच झालं असणार. मला कळलंसुद्धा नाही."

"हं."

"हस की. हसायचंय ना तुला?"

"घरी जाऊन हसेन," ऑस्ला म्हणाली. तिनं कोट काढून खिळ्याला अडकवला आणि मागाच्या बाकापाशी आली. "सरका तिकडं."

"हा बाक एकीपुरता आहे."

"दोघी बारीक आहोत. सरका. आधी तो काळा उसवा."

डोलिनानं काळा धागा उसवला. बोटं नीट चालत नव्हती, पण ऑस्लानं मदतीला हात पुढं केला नाही, आणि ते बरं केलं. केला असता तर डोलिना चावली असती.

"आता तपकिरी."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, सांगतेय. तपकिरी."

डोलिनानं तपकिरी धोटा उचलला. मग मागाकडे बघतच, अगदी हळू आवाजात विचारलं, "किती?"

ऑस्लानं सांगितलं. डोलिनानं तेवढे टाकले. मग ऑस्ला म्हणाली करडा, डोलिनानं करडा टाकला. दर तांबडीला ऑस्ला "पुढं" म्हणायची आणि डोलिना "माहितीये" म्हणायची, आणि दोघींनाही ठाऊक होतं की तिला माहीत असून उपयोग नव्हता. दुसरा शेला असा उतरला. पहिल्याचं काय झालं ते फार्करला कुणी सांगितलं नाही.

शनिवारी चर्च भरलं होतं. लग्न लागलं, पाद्रीबाबा बाजूला झाले आणि डोलिना शेला घेऊन पुढं आली. तिनं तो ऑस्लाच्या खांद्यावरून सोडला. पुढच्याच बाकावर टॉर्मड टॉल्मी होता. आयुष्यभर बोलणी खाल्लेला तो बिचारा मान वाकडी करून उभं-आडवं न्याहाळत होता. कुठं काही सापडतंय का बघत असणार, दोष कसा द्यावा त्याला! सापडलं नाही. मग त्यानं गुपचूप शरणागती पत्करली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एक धागा इकडचा तिकडे नाही! पन्नास वर्षं झाली, पण काय हात आहे, डोलिना!"

चर्चभर माना डोलल्या. डोलिनाला काही बोलायची गरज नव्हती. मान किंचित वर करायची आणि पिन टाचायची, एवढंच तिला करायचं होतं. एरवी तिनं तेच केलं असतं.

डोलिना वळली. "हात चुकतो माझा आता," ती म्हणाली. "तांबडीच्या पुढं मला जाता येत नाही. हे मोजलंय हिनं. ही नसती तर हे फडकं झालं असतं."

कुणी हसलं नाही. हे वाक्य ऐकायला अर्धं गाव वर्षानुवर्षं कानांत प्राण आणून बसलं होतं, आणि आता ते आलं तर त्याचं करायचं काय हेच कुणाला सुचेना. फार्कर आईकडे बघत राहिला, मग ऑस्लाकडे.

डोलिनानं गावाकडे पाठ केली आणि पिन हातात घेतली. तिचा हात इतका कापत होता की पिन कापडात शिरेना. ऑस्लानं, मागच्या कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, आपला खांदा त्या हाताखाली घट्ट टेकवून धरला.

"हलू नकोस," डोलिना म्हणाली.

"मी नाही हलत," ऑस्ला म्हणाली. "तुम्ही टाचा."